भुसा, विषारी पाणी आणि आपण



युनियनचा माणूस बोलायला उभा राहिला म्हणजे तो बोनसवरच बोलणार, असा आपला समज असतो. आज मी भुशावर बोलणार आहे. तोही कामगारांचाच प्रश्न आहे.

क्रोमचा मुलामा देणाऱ्या खात्यात वर्षानुवर्षे राबणाऱ्यांच्या हातांना क्षते पडतात, नाकाच्या पडद्याला भोक पडते. तेच क्रोमियम धुण्याच्या पाण्याबरोबर नाल्यात जाते. इतर घाण कुजते. धातू कुजत नाही. जपानात जिंझू नदीकाठी खाणीतले कॅडमियम भातशेतीत उतरले, माणसांची हाडे ठिसूळ झाली. त्या रोगाचे नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’! सरकारने त्याचे कारण मान्य केले ते १९६८ साली.

आपल्याकडे १९७४ साली जलप्रदूषणाचा कायदा झाला. नदीत सोडायच्या सांडपाण्यात षट्संयुजी क्रोमियमची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. पण छोटा कारखानदार म्हणतो, ‘परवडत नाही, सक्ती कराल तर टाळे लावीन.’ मग पोटाला भिऊन कामगारही गप्प बसतो.

चुना घालून पुष्कळसा धातू गाळात बसवता येतो. उरलेला थोडा काढणेच महाग पडते. तेथे लाकडाचा भुसा, भाताचे तूस, उसाची चिपाडे, नारळाचा काथ्या उपयोगी पडतात. त्यांतील सेल्युलोज व लिग्निन यांच्या अंगी धातूचे कण धरून ठेवण्याच्या जागा असतात. शिसे, तांबे, कॅडमियम किंचित आम्ल पाण्यात चांगले धरले जातात. आम्ल फार झाले तर हायड्रोजनच बाके अडवून बसतो! षट्संयुजी क्रोमियमचे उलट आहे. त्याला तीव्र आम्ल लागते, आणि त्यात त्याचा काही भाग कमी विषारी त्रिसंयुजी रूपात जातो.

पण मंडळी, विष नाहीसे झालेले नसते. ते पाण्यातून भुशात आलेले असते. तो भुसा शेतात टाकला तर विष ताटात येईल, भट्टीत जाळला तर धातू राखेत उरेल. आम्लाने धुऊन धातू परत मिळवावा, नाहीतर घातक कचऱ्याच्या रीतसर ठिकाणी तो पोचवावा.

म्हणून आमची मागणी साधी आहे. भुसा जरूर वापरा. पण पाणी नियमाने तपासा, तपासणीचे आकडे फाटकावर लावा, आणि तो भुसा कंत्राटी मजुराला उघड्या हातांनी उचलायला लावू नका. स्वस्त उपाय आम्हाला हवा आहे. स्वस्त माणूस नको.