उजव्या हाताचा अखत्यार



अभिजात गिटार शिकू लागलेल्या विद्यार्थ्याची सारी दृष्टी डाव्या हातावर खिळलेली असते, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण कोणते बोट कोणत्या पडद्यावर ठेवावयाचे हे डोळ्यांना दिसते, चुकले तर तत्काळ कानाला कळते, आणि शिक्षकालाही ते दाखवून देण्यास श्रम पडत नाहीत. परंतु स्वर कोणता हे डावा हात ठरवीत असला, तरी तो भरदार की किरटा, कोवळा की कर्कश, याचा अखत्यार सर्वस्वी उजव्या हाताकडे असतो; आणि माझे आग्रहाचे प्रतिपादन असे की, त्याचा निकाल तार वाजण्यापूर्वीच, बोट तारेवर टेकते त्या अल्प क्षणात, लागून चुकलेला असतो.

त्या क्षणात घडते ते असे. बोटाचे मांस आणि नखाची कड जेथे मिळतात तेथे तार बसते. बोटाच्या मुळाच्या सांध्यातून आलेला दाब तिला किंचित आत, तबलीच्या दिशेने, ढकलतो. आणि मग ती नखाच्या उतारावरून घसरून सुटते. अशी तार तबलीशी काटकोनात कंप पावून तबलीला अधिक हलविते, म्हणून स्वर भरदार होतो. नुसती आडवी ओढलेली तार पातळ बोलते, आणि बाहेर उपटलेली तर पडद्यांवर आपटून खरखरते. काम होताच बोटाने ढिले पडून आपल्या जागी परतावे, हेही तितकेच महत्त्वाचे. ताणून धरलेले बोट पुढच्या आघातापूर्वीच थकलेले असते.

नखाचा उल्लेख आलाच आहे, तर नखाने वाजवावे की नुसत्या बोटाने, या जुन्या कज्ज्याचा विचार केल्याविना पुढे जाणे अशक्य आहे. गिटारवादक फर्नांदो सोर नखे न लावता, केवळ बोटांच्या मांसल अग्रांनी वाजवीत, आणि १८३० साली पॅरिसात प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी नखाने वाजविणाऱ्यांविषयी फारच कडक अभिप्राय नोंदविला; मात्र त्यातून दिओनिसिओ अग्वादो या आपल्या मित्राला, त्यांच्या वादनाच्या इतर गुणांसाठी, त्यांनी वगळले. अग्वादोंनी नखे सोडली नाहीत. पण सोर यांचे वादन ऐकल्यावर अंगठ्याचे नख वापरणे त्यांनी बंद केले. या दोघांनी मिळून वाजवावे म्हणून सोर यांनी ‘दोन मित्र’ या नावाची युगुलरचनाही केली. पुढे तार्रेगांनी उत्तरायुष्यात नखे वर्ज्य केली, त्यांचे शिष्य पुजोल यांनी त्याच पक्षाची वकिली आयुष्यभर चालविली, आणि तरीही नखे वापरणाऱ्या सेगोव्हियांच्या प्रभावामुळे व दुसऱ्या महायुद्धानंतर आतड्याच्या तारांची जागा नायलॉनने घेतल्यामुळे आज नखांचाच अंमल आहे. माझ्या मते या साऱ्या कैफियतींत तत्त्वापेक्षा कानाचा अधिकार मोठा ठरतो. अग्वादोंच्या अंगठ्याला कोणत्याही सिद्धान्ताने नव्हे, तर ऐकलेल्या स्वराने वळण लावले.

अभ्यासासाठी माउरो जुलियानी यांचे १८१२ साली व्हिएन्नात प्रसिद्ध झालेले उजव्या हाताचे १२० पाठ मला अद्यापही सर्वांत उपयुक्त वाटतात. ते सारे दोनच कॉर्डवर, सी मेजर आणि जी सेव्हन्थ यांवर, बांधलेले असल्यामुळे डाव्या हाताला जवळजवळ रजाच मिळते, आणि विद्यार्थ्याला कान व उजवा हात यांचीच संगत उरते. हे पाठ प्रथम संथ लयीत, प्रत्येक बोट आधी तारेवर टेकवून मगच सोडावे, या रीतीने घटवावेत. वेगाची घाई येथे सर्वस्वी गैरवाजवी आहे.

अनामिकेविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. हाताच्या पाठीवर तिच्या कंडरा शेजारच्या बोटांच्या कंडरांशी बांधलेल्या असल्यामुळे ती एकटी मोकळेपणाने उचलली जात नाही, आणि सोर यांनीही तिला क्वचितच कामास लावले. तथापि तार्रेगांच्या ‘अल्हाम्ब्राच्या आठवणी’ या रचनेत अंगठ्यामागून अनामिका, मध्यमा आणि तर्जनी या क्रमाने एकाच तारेवर आघात करावयाचे असतात, आणि तेथे दुबळी राहिलेली अनामिका लपत नाही. तिचा स्वर दबला की अखंड वाटावयाची ती थरथर लंगडू लागते. अशा वेळी विद्यार्थी लय वाढवून दोष झाकू पाहतो. शिक्षकाने लय निम्मी करून केवळ अनामिकेलाच जोर देऊन तो भाग वाजवून घ्यावा, आणि मग तोच जोर आळीपाळीने मध्यमेवर व तर्जनीवर द्यावा.

सबब गिटारवादक व अध्यापकांच्या या परिषदेपुढे माझी एक सूचना आहे, ती विषयनियामक समितीने ठरावाच्या रूपाने विचारात घ्यावी. प्रथम वर्षाच्या परीक्षेत एक प्रश्न निव्वळ मोकळ्या तारांवर, डावा हात मांडीवर ठेवून, वाजवून घेण्यात यावा. आणि तेवढ्यापुरते परीक्षकाने विद्यार्थ्याकडे पाठ करून बसावे, म्हणजे नखे आहेत की नाहीत, मनगट कसे धरले आहे, गुरू कोण, यांपैकी कशाचीही दखल न घेता त्याला केवळ ऐकून गुण देता येतील.