कोणती गोळी? अमेरिकेतला कायोटी, मुरबाडचं रानडुक्कर आणि मधला कायदा

आंबिवलीहून मी तुमचा नेहमीचा कोडवाला इंजिनियर. बोललेलं जसंच्या तसं, थोडंफार नीट करून, इथे लिहून ठेवतोय. ज्यांना कसारा लोकलमध्ये हेडफोन लावायला जागा मिळत नाही, त्यांनी वाचा.

आजचा विषय आहे बंदुकीची गोळी. दचकू नका. यूट्यूबवर सध्या एक प्रकार भरपूर चालतो. अमेरिकेतला कुणीतरी माणूस, रायफलवर दुर्बीण, माळरानावर कायोटी, आणि वीस मिनिटं चर्चा एकच : या रायफलला कोणती गोळी चांगली? आपल्याकडची पोरं हे व्हिडिओ बघतात आणि गावाकडच्या ग्रुपवर टाकतात. खाली कमेंट येते, ‘आपल्याकडे डुकरांना हीच पाहिजे.’ तर खरंच हीच पाहिजे का? आधी विज्ञान बघू, मग कायदा, आणि मग शेत.

कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा अमेरिकन भाऊबंद. वजन साधारण दहा ते पंधरा किलो, काही त्याहून मोठे. तिकडे तो मेंढ्यांची कोकरं, कोंबड्या उचलतो, म्हणून बऱ्याच राज्यांत त्याच्या शिकारीवर फार बंधनं नाहीत. त्याहून लहान, शेत पोखरणारे प्राणी असतात. प्रेअरी डॉग हा त्यातलाच. तो कुत्रा नाही, खारीच्या कुळातला आहे आणि वजन जेमतेम एक किलो. अशा उपद्रवी प्राण्यांना तिकडे ‘व्हार्मिंट’ म्हणतात.

आता गोळीची रचना. आपण ज्याला गोळी म्हणतो ते पूर्ण काडतूस असतं. त्यात चार भाग : पितळी कोश, तळाची टोपी, आतली दारू, आणि पुढे जाऊन लागते ती खरी गोळी. या गोळीत बहुतेक वेळा शिशाचा गाभा आणि वर तांब्याचं आवरण असतं. सगळा खेळ या आवरणात आहे. तीन मुख्य प्रकार लक्षात ठेवा.

पहिला, पूर्ण आवरणाची गोळी. लष्करात हीच असते. ती फारशी पसरत नाही आणि बऱ्याचदा आरपार जाते. दुसरा, मऊ टोकाची. हिचं टोक उघडं शिसं असतं. लागली की टोक छत्रीसारखं पसरतं, पण बुडखा एकसंध राहतो. तिसरा, पातळ आवरणाची आणि प्लास्टिकच्या टोकाची. ती लागल्याक्षणी तुकडे तुकडे होते.

व्हार्मिंटवाल्यांना तिसरा प्रकार लागतो. कारण सोपं आहे. प्राणी लहान, त्यामुळे खोल जायची गरज नाही. गोळी आतच फुटते, प्राणी जागीच मरतो, आणि जमिनीवर आपटली तर उसळून शेजारच्या शेतात जाण्याऐवजी तिथेच चुरा होते. कायोटीवाल्यांचं गणित जरा वेगळं. त्याची कातडी विकायची असते, म्हणून त्यांना आत शिरणारी, पण पलीकडून मोठं भोक न पाडणारी गोळी हवी.

आता आकडे. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा ग्रेन. कायोटीसाठी पॉइंट २२३ या मापाची ५५ ग्रेनची गोळी खूप चालते. म्हणजे फक्त साडेतीन ग्रॅम! पण वेग सेकंदाला साडेनऊशे मीटरच्या पुढे. अकरावीचं सूत्र आठवा : अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर येतं जवळपास १७०० ज्यूल. तुलनेला, नेमबाजीत वापरतात ती साधी पॉइंट २२ ची ४० ग्रेनची गोळी साधारण १४० ज्यूलची. वेगाचा वर्ग होतो, म्हणून वेग वाढला की ऊर्जा झपाट्याने वाढते.

अजून एक गोष्ट, जी कमेंटमध्ये कुणी बोलत नाही. रायफलच्या नळीत आतून पीळ असतो. त्या पिळामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरते आणि सरळ जाते. लांब, जड गोळीला जास्त फिरकी लागते. बारा इंचात एक फेरा देणारी नळी ५५ ग्रेनची गोळी नीट सांभाळते, पण ७५-७७ ग्रेनची लांब गोळी तिच्यातून डुगडुगत जाते. त्यासाठी सात-आठ इंचात एक फेरा असलेली नळी लागते. म्हणजे ‘चांगली गोळी’ असं काही सुटं नसतंच. प्राणी कोणता, नळी कोणती, अंतर किती आणि मागे काय आहे, या चार प्रश्नांची उत्तरं मिळून गोळी ठरते. आमच्या भाषेत, हार्डवेअर न बघता सॉफ्टवेअर टाकू नये.

आता या गोष्टीत आपला भारत येतो, आणि चांगलाच येतो. १८९० च्या दशकात वायव्य सरहद्दीवर लढणाऱ्या ब्रिटिश सैनिकांची तक्रार होती की नवीन पॉइंट ३०३ ची गोळी आरपार जाते, समोरचा माणूस थांबत नाही. मग कोलकात्याजवळच्या दमदमच्या शस्त्र कारखान्यात टोकाचं आवरण काढून शिसं उघडं ठेवलेली गोळी तयार झाली. तीच जगभर ‘डमडम’ म्हणून ओळखली जाते. जखमा इतक्या भयंकर होत्या की १८९९ च्या हेग परिषदेत पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायला बंदी घातली गेली.

आणि गंमत बघा. युद्धात जी बंद, तीच शिकारीत सक्तीची. इंग्लंडात हरिण मारायला पसरणारीच गोळी वापरायची, अशी कायद्याची अट आहे. कारण सरळ आहे : प्राण्याला मारायचंच असेल, तर तो तडफडत दोन दिवस रानात फिरता कामा नये.

इथे येतो माझा मामा. मुरबाड तालुक्यात भातशेती. भात पोटरीत आलं की रात्री डुकरांचा कळप उतरतो. खातो त्याच्या दुप्पट लोळून आडवं करतो. मामाने रात्री साडेअकराला फोन केला. म्हणाला, ‘भाच्या, तू इंजिनियर आहेस, त्या व्हिडिओत दाखवतात ती गोळी आपल्याकडे मिळेल का रे? सहा महिन्यांची मेहनत एका रात्रीत जाते.’

मी म्हटलं, ‘मामा, ती गोळी मिळाली तरी उपयोगाची नाही.’ कारण वर सांगितलंच आहे. मोठा नर डुक्कर सहज सत्तर-ऐंशी किलोच्या पुढे जातो. त्याच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढाल असते. नरांच्या झुंजीत सुळे लागू नयेत म्हणून निसर्गाने दिलेली. एक किलोच्या प्राण्यासाठी बनवलेली फुटकी गोळी त्या ढालीवरच चुरा होते. जखम मोठी दिसते, पण आतपर्यंत काही पोचत नाही. आणि जखमी डुक्कर झुडपात जाऊन बसतो. सकाळी त्या वाटेने कोण येणार? पाणी भरायला जाणारी बाई, नाहीतर शाळेतलं पोर. त्याच्यासाठी एकसंध राहणारी, खोल जाणारी जड गोळीच लागते. आपल्या सरकारी कारखान्यांच्या पॉइंट ३१५ रायफलची गोळी सुमारे सोळा ग्रॅमची असते. ५५ ग्रेनवालीच्या चौपटीहून जास्त.

मामा म्हणाला, ‘मग ती घेऊ.’ थांबा. आता कायदा.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात शेती राखण्यासाठी परवान्याची सोय आहे. पण कशाची? ठासणीच्या बंदुकीची. तेवढ्याने भागत नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची, म्हणजे साधारण आपल्या बारा बोअरची. या नळीत पीळच नसतो. म्हणजे अमेरिकन व्हिडिओतली निम्मी चर्चा इथेच बाद. बारा बोअरमध्ये बहुतेक वेळा गोळी नव्हे, छर्रे असतात. पाखरांसाठी बारीक, मोठ्या प्राण्यासाठी एलजी, एसजी असे आठ-नऊ मिलिमीटरचे मोजके दाणे. अंतर वाढलं की ते पांगतात. अंधारात लांबून बार टाकला तर एखादाच दाणा लागतो, आणि पुन्हा तेच, जखमी डुक्कर.

‘बारा बोअर’ हे नाव कुठून आलं माहितीये? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. नळी साधारण साडेअठरा मिलिमीटर. पुढच्या वेळी ग्रुपवर हे टाका, भाव खाऊन जाल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नाही! दोन वेगळे कायदे, दोन वेगळी खाती. प्राणी मारण्याचा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो. रानडुक्कर आणि रोही आता अनुसूची दोनमध्ये आहेत. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, कारण नोंदवून. ‘लेखी’ शब्दाखाली रेघ मारा. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्राणी मेला तर तो गुन्हा धरत नाहीत, पण पीक वाचवताना ही सवलत नाही. आणि मेलेलं डुक्कर सरकारी मालमत्ता. मटण वाटलं की वेगळा गुन्हा.

कोल्हा तर थेट अनुसूची एकमध्ये. २०२२ च्या दुरुस्तीत तो वर गेला. म्हणजे कायोटीचा व्हिडिओ बघून इथे कुणी कोल्ह्यावर नेम धरला, तर किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद. तिकडची रील, इकडची जेल.

‘मग सरकार डुकराला उपद्रवी जाहीर का करत नाही?’ हा प्रश्न येणारच. कलम ६२ खाली केंद्राला तो अधिकार आहे. डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर एका वर्षासाठी तसे जाहीर झाले. जून २०१६ मध्ये मोकामा भागात बाहेरून बोलावलेल्या नेमबाजांनी दोनशेहून जास्त रोही मारले, देशभर वाद झाला, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. केरळने २०२२ मध्ये वेगळी वाट धरली : ग्रामपंचायतीच्या अध्यक्षाला अधिकार दिला आणि मारायचं काम परवानाधारक बंदूकवाल्यांकडे. मला दुसरी वाट पटते. ज्याचं शेत जातं त्याच्या गावातच निर्णय व्हावा, पण बार टाकणारा माणूस सरावाचा असावा. शेतकऱ्याच्या रागाला मी नावं ठेवणार नाही. पण अंधारात, रागात, पहिल्यांदाच बंदूक हातात, हे तिन्ही एकत्र आले की पुढे कोण उभं आहे ते दिसत नाही. साधी पॉइंट २२ ची गोळीही दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. मुरबाडमध्ये दीड किलोमीटरात किती पाडे येतात, तुम्हीच मोजा.

मग मामाला काय सांगितलं? तीन गोष्टी. एक, नुकसान झालं की त्याच सकाळी तारखेसह फोटो काढ आणि वनखात्याकडे भरपाईचा अर्ज टाक. उशीर करू नकोस. दोन, कळप रोजचाच असेल तर परवानगीचा लेखी अर्ज कर, एकट्याने नाही, चार शेतकरी मिळून. तीन, कुंपणाला झटका मशीन लाव. तो झटका क्षणभराचा असतो, प्राणी पळतो, मरत नाही. पण घरातल्या लाइटची वायर थेट तारेला जोडायची नाही, कधीच नाही. त्या तारेला डुक्कर आणि माणूस यातला फरक कळत नाही. दरवर्षी त्यात माणसं मरतात, बऱ्याचदा घरातलीच.

मामाला हे लगेच पटलं नाही. म्हणाला, ‘अर्ज करेपर्यंत भात राहतंय का?’ त्याचं म्हणणं खोटं नाही. कागद हळू चालतो आणि डुक्कर जोरात. म्हणूनच अर्ज पावसाळ्याआधी करायचा, भात पोटरीत आल्यावर नाही. यंदाचा तो अर्ज मी टाइप करून दिलाय, चार सह्या झाल्यात. इंजिनियर भाच्याचा एवढा तरी उपयोग!

आणि तुमच्यापैकी ज्यांना खरंच नेमबाजीचं वेड आहे, त्यांच्यासाठी रेंज आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य आणलं, त्याच साध्या पॉइंट २२ च्या गोळीने. मोठे नेमबाज एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटमधल्या गोळ्या आपल्या रायफलमधून झाडून बघतात आणि सगळ्यात जवळ जवळ बसणारा लॉट निवडतात. गोळी निवडायची हौस असेल, तर ती तिथे फेडा.

गावाकडे कुणाला या अर्जाचा नमुना हवा असेल तर खाली कमेंट करा, पाठवतो. आणि तो कायोटीचा व्हिडिओ पुन्हा ग्रुपवर आला, तर त्याखाली हा एपिसोड टाका. भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या!