सांगाडे अनेक, कारभार एक

(कोल्हापूर येथे शासकीय अधिकारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



सात-बाराचा उतारा आज आपल्याला गावातच मिळतो. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा देण्यास राज्यात प्रारंभ झाला आणि शेतकऱ्याचा तालुक्याचा हेलपाटा वाचला. परंतु हा उतारा ज्या यंत्रातून येतो ते यंत्र कोठे असते आणि ते कोण सांभाळतो, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आज त्याविषयी चार शब्द बोलणार आहे.

संगणकाचे युग या जिल्ह्याला परके नाही. १९९८ साली वारणानगर परिसरातील सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. ऊस उत्पादकाला आपल्या उसाचा हिशेब गावातच कळावा, हा त्याचा एक हेतू होता. पुढे २००६ च्या सुमारास त्यांपैकी काही गावांत संगणकाऐवजी मोबाईलवरील संदेशाचा प्रयोग झाला. यातून एक बोध मिळतो. गावातले साधन बदलत जाते; मध्यवर्ती नोंद मात्र टिकलीच पाहिजे.

ही नोंद सर्व्हर नावाच्या संगणकांत असते. पूर्वी प्रत्येक सर्व्हरला स्वतःचा वीजपुरवठा, स्वतःचे पंखे व स्वतःच्या तारा असत. आता एका मोठ्या चॅसिसमध्ये अनेक सर्व्हर खणात सरकवून बसवितात. ट्रकचा चॅसिस म्हणजे काय, हे उद्यमनगराच्या या शहरात सांगावयास नको. येथेही तोच अर्थ आहे : भार वाहणारा सांगाडा एक आणि त्यावर बसणारे भाग अनेक. वीज, पंखे व जाळ्याची जोडणी सामाईक असते. एखादा सर्व्हर बिघडला, तर तेवढाच काढून दुसरा बसविता येतो.

असे अनेक चॅसिस एकत्र आले की त्यांचा गट करतात. गटातील एक चॅसिस प्रमुख असतो व इतर सदस्य. सर्वांचे तापमान, वीज व बिघाड यांची माहिती प्रमुखाकडे येते. नवा सदस्य आला, की ठरविलेली मांडणी त्याला तेथूनच मिळते. प्रमुख बंद पडला, तरी सदस्यांवरील कामे चालू राहतात. खंड पडतो तो एकत्रित देखरेखीत. म्हणून उपप्रमुख आधीच नेमून ठेवावा. सरपंच रजेवर गेले म्हणून गावाचे पाणी बंद होत नाही. परंतु उपसरपंच नसेल तर निर्णय अडतात. येथेही तसेच आहे.

उभारणीत काही पथ्ये कटाक्षाने पाळावी लागतात. सर्व्हरांनी भरलेल्या मोठ्या चॅसिसचे वजन दोनशे किलोच्या घरात जाऊ शकते. म्हणून जमिनीची ताकद आधी तपासावी आणि जड चॅसिस रॅकच्या तळाशी बसवावा. वीज दोन स्वतंत्र मार्गांनी द्यावी. एक मार्ग तुटला तर दुसऱ्याने सर्व भार पेलला पाहिजे. म्हणून कोणत्याही मार्गावर नेहमीचा भार निम्म्याहून अधिक नसावा. आत जाणारी हवा अठरा ते सत्तावीस अंश सेल्सिअस असावी. रिकामे खण झाकून ठेवावेत, अन्यथा थंड हवा तेथूनच निसटते. यंत्रातील मूळ प्रणाली अद्ययावत करताना सर्व चॅसिसना एकदम हात लावू नये. आधी एकावर करावे, निरीक्षण करावे, मगच पुढे जावे.

परंतु सर्वांत मोठे पथ्य कोल्हापूरकरांनी स्वानुभवाने शिकले आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, महामार्ग बंद पडला आणि अनेक भागांची वीज गेली. जुलै २०२१ मध्ये तेच संकट पुन्हा आले. अशा वेळी एकाच इमारतीत दहा चॅसिसचा गट असला, तरी तो एकाच पुरात बुडतो. गट म्हणजे सुरक्षितता नव्हे. नोंदीची प्रत दुसऱ्या नदीखोऱ्यात, दुसऱ्या वीजजाळ्यावर ठेवावी. आणि त्या प्रतीवरून काम खरोखर सुरू होते की नाही, हे पावसाळ्यापूर्वी करून पाहावे. न तपासलेली प्रत ही केवळ समजूत होय.

राधानगरी धरणाची सात स्वयंचलित दारे पाणी भरले की आपोआप उघडतात. पण दार उघडल्याची वार्ता खालच्या गावांना माणसानेच पोचवावी लागते. चॅसिसही रात्री दोन वाजता धोक्याची सूचना देईल. ती कोणाच्या हाती जाणार, हे आधीच लिहून ठेवलेले असावे. कारभाराचा परवलीचा शब्द एकाच कर्मचाऱ्याच्या स्मरणात असू नये. तो मोहोरबंद करून दुसऱ्या जबाबदार अधिकाऱ्याकडेही असावा. बदली होते, निवृत्ती येते. नोंद मात्र पिढ्यान् पिढ्या लागते.

आपल्यापैकी फारच थोडे जण प्रत्यक्ष डेटा सेंटरात पाऊल ठेवतील. परंतु ग्रामसभेत, शाळेत वा कार्यालयात एक प्रश्न प्रत्येकाला विचारता येईल : आमच्या नोंदीची दुसरी प्रत कोठे आहे, आणि ती शेवटची केव्हा तपासली? याचे उत्तर तारखेसह मिळाले, तर पूर आला तरी शेतकऱ्याचा उतारा वाहून जाणार नाही.