सीमेपलीकडची भरती



चालकांनी आम्हांला विषय दिला तो असा : तरुण मुले दहशतवादाच्या नादी लागतात ती कशी, त्यांना रोखावे कसे, आणि युरोपातल्या राष्ट्रांनी एकत्र येऊन त्या बाबतीत काय केले. विषय ऐकून कोणी म्हणेल, रेणुकेच्या गडाखाली बसून ब्रुसेल्सच्या गोष्टी कशाला? शंका रास्त आहे. परंतु आमचे मत असे की, हा विषय समजून घ्यायला युरोपातल्या कित्येक शहरांपेक्षा माहूर अधिक सोयीचे आहे. कारण हा सगळा प्रश्न मुळात सीमेचा आहे, आणि माहूरला सीमा काय असते ते सांगावे लागत नाही. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. किनवटकडून पुढे गेले की तेलंगणातले अदिलाबाद. निजामाच्या अमदानीत तर हा मुलूख अदिलाबाद जिल्ह्यातच होता; १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा किनवट तालुका नांदेडात आला. १९४८ पर्यंत पैनगंगा ही दोन राज्यांची हद्द होती. अलीकडे निजामाचा अंमल, पलीकडे वऱ्हाड. म्हणूनच तर उमरखेडला स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचा कॅम्प उभा राहू शकला.

त्या काळापासूनच आरंभ करू. रझाकार हा शब्द येथल्या वृद्धांच्या तोंडी अजून शिवीसारखा येतो, आणि तो का येतो हे आम्ही येथे सांगायला नको. पण आमचा प्रश्न वेगळा आहे. हे रझाकार आले कोठून? आभाळातून पडले नाहीत. त्यांचा पुढारी कासीम रझवी हा आपल्या लातूरचा वकील. इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना १९२७ सालची. तिचे वक्तृत्वसंपन्न नेते बहादूर यार जंग १९४४ साली वारले, आणि १९४६ मध्ये सूत्रे रझवीच्या हाती आली. पुढच्या दोन वर्षांत गावोगावची पोरे गणवेश चढवून, शपथ घेऊन, हाती मिळेल ते हत्यार घेऊन कवायत करू लागली. दोन वर्षांत! ज्या गावांत उरुसाला आणि जत्रेला एकमेकांकडे जाण्याची रीत होती, त्याच गावांत हे झाले.

भरती करणाराने त्यांना दिले तरी काय? प्रथम भय दिले : निजाम गेला तर तुमचे काय होईल? मग त्या भयावर मान दिला. काल ज्याला गावात कोणी विचारीत नव्हते त्याला आज पाटील उठून जागा देतो. विचार त्यानंतर आला, आणि तोही थोडा. आमच्या पाहण्यात जगातल्या कोणत्याही अशा भरतीत क्रम हाच दिसतो. आपण मात्र रोखायला निघतो तेव्हा उलट्या टोकाने, विचारापासून सुरुवात करतो, आणि पोराला प्रवचन देतो.

येथे आणखी एका माणसाचे नाव घेतले पाहिजे. हैदराबादेत ‘इमरोज’ नावाचे उर्दू पत्र निघे. त्याचे संपादक शोएबुल्ला खान. वय तिशीच्या आतले. रझाकारांना आवरा, हिंदी संघराज्यात सामील व्हा, असे ते उघड लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना त्यांना गाठून ठार मारले. त्या वेळी मुसलमान समाजात रझाकारांच्या विरोधी बोलणारी माणसे नव्हती असे नाही. बोलणाराला आसरा देणारे कोणी नव्हते.

सप्टेंबर १९४८ मध्ये १३ ते १७ तारखेपर्यंत पोलीस कारवाई झाली आणि रझाकारी संपली. आमच्या सभांतून गोष्ट येथेच थांबविण्याचा प्रघात आहे. आम्ही थांबवणार नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत सूड निघाला, आणि तो ज्यांनी कधी रझाकारांचा गणवेश अंगावर घातला नव्हता अशांवरही निघाला. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीसाठी धाडले. त्यांच्या अहवालाने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला आणि सर्वांत अधिक झळ लागलेले जिल्हे म्हणून चार नावे घेतली : उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, गुलबर्गा, बीदर, आणि नांदेड. अंदाजावर वाद आहे, तो इतिहासकारांनी खुशाल घालावा. पण तो अहवाल कित्येक दशके कुलुपात राहिला याचा आमच्या विषयाशी संबंध आहे. एका घरात रझाकारांनी मारलेल्या आजोबांची गोष्ट सांगतात, पलीकडच्या गल्लीत पोलीस कारवाईनंतर मारलेल्या पणजोबांची. दोन्ही गोष्टी खऱ्या, आणि दोन्ही चार भिंतींच्या आत. भरती करणारा येतो तो ह्याच गोष्टीचा अर्धा भाग हाती घेऊन येतो. दुसरा अर्धा पोराने कधी ऐकलेलाच नसतो.

आता भरती एकाच धर्माची मिरास आहे असा समज कोणी करून घेऊ नये. एकाच मराठवाड्यातली दोन उदाहरणे देतो. २०१६ च्या उन्हाळा सरल्यावर परभणीतून काही तरुण पकडले गेले. आयसिस ह्या संघटनेच्या परदेशी हस्तकाशी त्यांचा संपर्क होता असा आरोप होता. त्यांतल्या दोघांनी २०२२ मध्ये न्यायालयापुढे गुन्हा कबूल केला आणि त्यांना शिक्षा झाली. दुसरे उदाहरण डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाचे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. मे २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ज्या दोघांना जन्मठेप दिली ते दोघेही तरुण, आणि दोघेही आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले. निकाल देताना न्यायालयाने हेही नोंदविले की खरे सूत्रधार दुसरे कोणी आहेत आणि तपास त्यांच्यापर्यंत पोचू शकलेला नाही. हे वाक्य आम्ही पुनःपुन्हा वाचले. धर्म दोन, झेंडे दोन; पण तुरुंगात गेली ती मराठवाड्याची पोरे, आणि ज्याने कान फुंकले तो सीमेपलीकडे : कधी देशाच्या, कधी जिल्ह्याच्या, कधी नुसती कायद्याच्या पुराव्याची सीमा.

तिसरा झेंडा तुमच्या अगदी शेजारचा. २० एप्रिल १९८१ रोजी अदिलाबाद जिल्ह्यात इंद्रवेल्लीला जमिनीच्या मागण्यांसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. लोक त्याहून पुष्कळ अधिक सांगतात. त्यानंतर त्या जंगलात नक्षलवाद्यांना माणसे शोधीत हिंडावे लागले नाही. किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यातही त्यांचे दलम फिरून गेले, ते तुम्हांला ठाऊक आहे. आंध्रातला दट्ट्या वाढला की महाराष्ट्रात, महाराष्ट्रात वाढला की पुन्हा पलीकडे. दोन राज्यांचे पोलीस आपापल्या हद्दीच्या दगडापाशी थांबत, आणि दलमला दगडाचे सोयरसुतक नव्हते. पुढे राज्याराज्यांत माहितीची देवघेव वाढली, महाराष्ट्राने २००५ मध्ये शरण येणाऱ्यांसाठी पुनर्वसनाची योजना आणली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती हा माओवाद्यांचा बडा नेता साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवून उभा राहिला. चाळीसहून अधिक वर्षे लागली.

युरोपची हकीकत ह्याहून फार वेगळी नाही, फक्त तेथे दगडांच्या जागी राष्ट्रे आहेत. १९७२ साली म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये अकरा इस्रायली खेळाडू व प्रशिक्षक मारले गेले. चार वर्षांनी पश्चिम युरोपच्या गृहमंत्र्यांनी ‘त्रेवी’ नावाने आपसांत भेटण्याचा पायंडा पाडला. मग शेंगेन करार झाला, नाकी उठली, माणसे एका देशातून दुसऱ्यात आपण हदगावहून पुसदला जावे तशी जाऊ लागली. माहिती मात्र पूर्वीसारखीच नाक्यावर अडकून राहिली. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या लोकलगाड्यांत बाँब फुटले, जुलै २००५ मध्ये लंडनला बावन्न माणसे मेली, आणि त्या वर्षअखेर युरोपीय संघाने आपले धोरण ठरविले. त्याचे चार भाग : प्रतिबंध, संरक्षण, पाठलाग आणि आपत्तीनंतरची सावरासावर. पहिला भाग कागदावर सर्वांत वर होता आणि व्यवहारात सर्वांत मागे पडला. पाठलागाला मोटारी आणि यंत्रे लागतात, ती अंदाजपत्रकात दाखविता येतात. एखादे पोर बिघडले नाही, हे कोणत्या रकान्यात दाखवणार?

पाठलागही सरळ चालला असे नव्हे. १३ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री पॅरिसमध्ये एकशेतीस माणसे मारली गेली. हल्लेखोरांतला एक दुसऱ्या दिवशी सकाळी बेल्जियमकडे पळत असता फ्रेंच पोलिसांनी त्याची मोटार अडविली, कागद पाहिले, आणि त्याला जाऊ दिले. दहशतवादाशी त्याचा संबंध असल्याची माहिती त्या क्षणी रस्त्यावरच्या शिपायापर्यंत पोचलेली नव्हती. त्यानंतर युरोपोल ह्या त्यांच्या सामाईक पोलीस संस्थेत दहशतवादविरोधी केंद्र निघाले. २०२१ मध्ये कायदा झाला की दहशतवादी प्रचाराचा मजकूर सरकारी आदेश मिळाल्यापासून एका तासाच्या आत इंटरनेटवरून काढलाच पाहिजे, कंपनी कोणत्याही देशातली असो. २०२२ च्या जूनपासून तो अमलातही आला. ही कामे राष्ट्रांनी एकत्र येऊनच होणारी आहेत, आणि ती चांगली झाली.

परंतु आमचे लक्ष वेधले ते डेन्मार्कच्या आरहूस ह्या शहराने. २०१३ पर्यंत त्या एका गावातून तीसएक तरुण सीरियाच्या लढाईत गेले होते. त्यांतले बहुतेक एकाच मशिदीत जाणारे. मशीद बंद करा, अशी ओरड झाली. आरहूसच्या पोलिसांनी आणि नगरपालिकेने ती बंद केली नाही. ते मशिदीच्या चालकांशी बोलायला बसले. घरच्यांना पोराविषयी काळजी वाटली तर फोन करता येईल अशी एक खोली उघडली. तेथे पोलीसही आहेत नि पालिकेचे समाजसेवकही. ज्याने अजून गुन्हा केलेला नाही त्याला एक वडीलधारा सोबती नेमून देतात. तो त्याच्याशी धर्मचर्चा करायच्या आधी त्याचे शिक्षण, नोकरी, घराचे भाडे ह्यांची विचारपूस करतो. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांची संख्या एकदोनांवर आली. सगळे श्रेय खोलीला देणे भाबडेपणाचे होईल. आयसिसचे क्रौर्यही तोवर जगाला दिसू लागले होते. तरीपण खोलीचे महत्त्व राहतेच.

हीच गोष्ट वाकड्या रीतीने केली तर काय होते, तेही युरोपातच दिसले. फ्रान्सने २०१६ मध्ये एका जुन्या वाड्यात सुधारकेंद्र काढले. सकाळी झेंडावंदन, गणवेश, इतिहासाचे पाठ. मोजकी माणसे आली, एकानेही क्रम पुरा केला नाही, आणि जुलै २०१७ मध्ये रिकामा वाडा बंद झाला. ब्रिटनने २०१५ मध्ये संशयित विद्यार्थी कळविणे हे शिक्षकांचे कायदेशीर कर्तव्य ठरविले. मग मुसलमान आईबापांना शाळेचेच भय वाटू लागले, अशी तक्रार तेथले शिक्षकच करू लागले. ज्या दाराने मदत मागायची त्याच दारातून पोराचे नाव पोलिसी यादीत जाते असे वाटले, तर त्या दाराची कडी कोण वाजवील?

आपल्या महाराष्ट्रात ह्या दाराची गरज कल्याणला कळली. मे २०१४ मध्ये तेथले चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्यातून इराकला गेले आणि तेथून नाहीसे झाले. पोलिसांकडे प्रथम धाव घेतली ती घरच्यांनी. नोव्हेंबरमध्ये एकजण परतला तोही घरच्यांशी फोन जुळल्यावर. पुढे २०१५-१६ च्या सुमारास राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने, गुन्हा घडण्यापूर्वी सापडलेल्या मुलांना आरोपी न करता समुपदेशनाने परत आणण्याचा उपक्रम हाती घेतला. त्याचे आम्ही स्वागत करतो. अडचण एवढीच की पथक पोलिसांचे आहे, आणि मुंबईपुण्याला जे जमते ते तालुक्याला पोचता पोचता फौजदारचौकीच होऊन बसते.

म्हणून आमचा प्रश्न माहूरकरांना आहे, सरकारला नंतर. उद्या ह्या गावातल्या एखाद्या आईला दिसले की पोरगा रात्र रात्र मोबाईलमध्ये डोके घालून आहे, जुने मित्र सोडले, बापाला पापी म्हणू लागला, कोणा अनोळखी ‘भाऊ’चा फोन आला की बाहेर जातो, तर ती जाईल कोणाकडे? पोलिसांकडे गेली तर पोराच्या नावाला डाग. गुरुजींकडे गेली तर गावभर. सोनापीरच्या दर्ग्यात जाईल, गडावर नवस बोलेल, आणि घरी येऊन गप्प बसेल. तिच्यासाठी तालुक्याच्या गावी एक खोली हवी. खोली तहसिलीच्या आवारात नको, ठाण्याच्या तर मुळीच नको. वाचनालयाच्या मागे चालेल, सरकारी दवाखान्याच्या शेजारी अधिक चांगली, कारण तेथे कोण कशासाठी आले हे विचारीत नाहीत. बसायला एक निवृत्त मुख्याध्यापिका, एक डॉक्टर, दोन्ही समाजांतला एकेक शब्दाचा माणूस, आणि तांड्यावरचा व गोंडवाडीतला एकेक. पोलिसांशी बोलणे ठरलेल्या नियमाने : कोणाच्या जिवाला धोका असेल तर ताबडतोब, एरवी नाही. हा नियम लेखी असावा आणि दारावर लावलेला असावा.

आणि खोली एकट्या माहूरची असून भागणार नाही. पोरगा येथे भारला जातो, भेटतो अदिलाबादला, तिकीट काढतो यवतमाळहून. तेव्हा तिन्ही ठिकाणच्या खोल्यांना एकमेकींचा फोन ठाऊक हवा, आणि तो उचलणाराला मराठी, उर्दू, तेलुगू, बंजारा व गोंडी ह्यांपैकी निदान तीन भाषा आल्या पाहिजेत. युरोपने हे चोवीस अधिकृत भाषांत चालविले आहे. आपल्याकडे तर बाजाराच्या दिवशी एकेक भाजीवाली ह्यांतल्या चार भाषांत भाव सांगते.