आधी मीटर, मग प्लेटा

(गेवराई येथील पालक मेळाव्यातील भाषण)



पारधी वस्तीवरच्या एका आजींनी परवा विचारलं, "ताई, घरावर सोलरच्या प्लेटा लावल्या की बिल येतच नाही ना?" आजींच्या घरात मीटरच नाही. बिल येणार कुठून?

सोलरची वीज दिवसा तयार होते, आपले दिवे रात्री लागतात. दिवसाची उरलेली वीज महावितरणच्या तारेवर जाते. ती मोजायला साधं मीटर चालत नाही. गेलेली आणि आलेली वीज वेगळी नोंदवणारं नेट मीटर लागतं. महिन्यात 60 युनिट दिले, 75 घेतले, तर 15 युनिटचं बिल आणि वर स्थिर आकार. आणि हो, लाइन गेली की बॅटरी नसलेलं सोलरही बंद पडतं, नाहीतर तारेवर काम करणाऱ्याला झटका बसेल. त्यामुळे मुलांच्या अभ्यासाचा चार्जिंगचा दिवा टाकून देऊ नका.

आमच्या एका वसतिगृहात आम्ही घाई केली. नेट मीटर यायच्या आधीच यंत्र चालू केलं. जुन्या मीटरने बाहेर गेलेली वीजही आत आलेली म्हणून मोजली आणि बिल वाढलं! नीतिसूत्रांतला खोटा तराजू मला तेव्हा आठवला. खरं तर तराजू खोटा नव्हता, नको त्या कामाला लावला होता.

पण वस्तीचा प्रश्न याच्याही आधीचा आहे. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं, पण ते वीजजोडणी असलेल्या घराला. आपली घरं गायरानावर, सातबारा नाही, म्हणून कुणी आकडा टाकतो. गुन्हेगार जमाती कायदा 1952 साली रद्द झाला, तरी पारध्याकडे बघणारी नजर बदललेली नाही. अशा माणसाच्या दारात आकडा सापडला, की चोरीचा शिक्का पुन्हा बसायला वेळ लागत नाही. म्हणून मला प्लेटांपेक्षा मीटरची घाई आहे.

वीज कायदा 2003, कलम 43 वाचा. जोडणी मागण्याचा हक्क जागेच्या मालकाला आहे, तसाच तिथे राहणाऱ्या भोगवटादारालाही आहे. "सातबारा आणा" एवढं ऐकून परत फिरू नका. अर्ज लेखी द्या. आधार, रेशनकार्ड आणि असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 जोडा. लिहिता येत नसेल त्यांनी आज जेवणानंतर माझ्याजवळ बसा, इथेच अर्ज भरू. आणि कार्यालयातून पोच घेतल्याशिवाय निघू नका.