डोंगल कुणाच्या पर्समध्ये?

आज बचतीचं नाही, ग्रामपंचायतीचं बोलू. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीतल्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत, आणि गटातूनच पुढं येऊन सरपंच झालेल्या बाया आपल्यात आहेत.

सरपंच झालं की सहीचं डोंगल मिळतं, पेनड्राइव्हसारखं. वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराजवरून द्यायचा तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याचं आणि सरपंचाचं, दोघांचं डोंगल लागतं. जिंतूरकडं जा की पालमकडं, बाई सरपंच आणि डोंगल मालकाच्या खिशात, नाहीतर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, हे ऐकून कुणाला नवल वाटत नाही. मला वाटतं. म्हणून त्यात असतं काय, ते सांगते.

त्यात असते किल्ली. किल्ली म्हणजे एक भलामोठा आकडा. किल्ल्या जोडीनं जन्मतात, एक खासगी, एक सार्वजनिक. ५३ आणि ६१ या मूळ संख्या घ्या. गुणाकार ३२३३, सातवीतली पोरगी पाटीवर करील. पण नुसतं ३२३३ देऊन 'कोणत्या दोहोंचा गुणाकार?' विचारलं की घाम फुटतो. खऱ्या किल्लीत असा गुणाकार ६१७ अंकी असतो, तो फोडणं आजवर कुठल्या संगणकाला जमलेलं नाही. ही युक्ती १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी काढली. कॉलेजची मुलं पायथनमध्ये चार ओळी लिहून अशी जोडी बनवतात. डोंगलमध्ये ती आतल्या आतच बनते आणि खासगी किल्ली बाहेर येत नाही.

सार्वजनिक किल्ली साऱ्या जगाला दिली तरी चालते. तिनं सही खरी का खोटी एवढंच तपासता येतं. सही करायला खासगीच लागते.

सहीनंतर कुणी दीड लाखाचे साडेपाच लाख केले तर पडताळणीत लगेच कळतं. पण मुळात चुकीच्या रकमेवरच तुमचं डोंगल लावून पिन टाकला, तर यंत्र गप्प राहतं. कागदावरची सही कुणी गिरवली तर अक्षर तपासता येतं. इथं नवऱ्यानं बटण दाबलं काय नि तुम्ही दाबलं काय, सही तीच, नाव तुमचंच. उद्या चौकशी लागली तर नोटीस कुणाच्या दारात येईल?

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४२ सांगतं की खासगी किल्ली ताब्यात राहील याची काळजी जिच्या नावाची किल्ली तिनंच घ्यायची. ती दुसऱ्याच्या हाती गेली तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचं. मग ते प्रमाणपत्र रद्द करून नवं घेता येतं.

डोंगल आजच मागून घ्या. पिन स्वतः बदला, डोंगलच्या पाकिटावर लिहू नका. आणि बिल वाचून झाल्याशिवाय डोंगल संगणकाला लावू नका. वाचायला अडचण असेल तर गटातली शिकलेली पोरगी शेजारी बसवा, पण पिन तिलाही सांगू नका.