खाल्लेले अंगी का लागत नाही?
(जबलपूरच्या श्रमिक वस्त्यांतील बालकुपोषणावरील व्याख्यानाचा मजकूर)

“पोरगं दिवसभर खा खा करतं, पण खाल्लेलं अंगी लागत नाही.” श्रमिकांच्या वस्तीत असे गाऱ्हाणे ऐकू येत नाही, असे एकही गाव या देशात सापडणार नाही. जबलपूरच्या विडी कामगार वस्त्यांत ते हिंदीत ऐकू येते, मंडला आणि डिंडोरीच्या गोंड पाड्यांत गोंडी वळणाच्या बोलीत, मेळघाटात कोरकूत आणि गोंदिया-भंडाऱ्याकडे मराठीत. भाषा बदलते, गाऱ्हाणे तेच राहते. त्याला मिळणारी उत्तरेही ठरलेली असतात. शेजारीण म्हणते, दृष्ट लागली. वैदू म्हणतो, ‘सूखा’ झाला. शहाणे म्हणवणारे म्हणतात, आई अडाणी आहे, तिला मुलाला भरवता येत नाही. या तिन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. त्यांतले एकही उत्तर त्या घरातल्या मजुरीकडे बोट दाखवत नाही.

मराठी वाचकाला जबलपूर परके नाही. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्याचे भाग होते. सातपुड्यातून जाणाऱ्या गोंदिया-जबलपूर रेल्वेने दोन्हीकडचा कष्टकरी पिढ्यानपिढ्या ये-जा करीत आला आहे. तेंदूपत्ता एकाच जंगलाचा आहे आणि त्या पानात तंबाखू भरणाऱ्या बोटांची कहाणीही दोन्ही बाजूंना एकच आहे. म्हणून जबलपूरच्या मुलाचा प्रश्न हा महाराष्ट्राच्या मुलाचाही प्रश्न आहे.

प्रथम शरीराचा हिशेब समजून घेतला पाहिजे. समजा, दीड वर्षाच्या एका मुलाचे वजन आठ किलो आहे. या वयाला साधारण साडेदहा किलोच्या आसपास वजन अपेक्षित असते. लहान मुलाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे सुमारे तीस ग्रॅम अन्न मावते. म्हणजे या मुलाच्या पोटात एका जेवणाला २४० ग्रॅमपेक्षा जास्त अन्न जाऊ शकत नाही. आता त्याच्या वाटीत काय पडते ते पाहू. मंडला-डिंडोरीकडे कोदो-कुटकीची पेज, शहरातल्या वस्तीत तांदळाची पेज किंवा डाळीचे वरचे पाणी. अशा पातळ पेजेच्या शंभर ग्रॅममध्ये फार तर तीस-चाळीस उष्मांक असतात. मुलाने दिवसातून तीनदा पोट फुगेपर्यंत पेज प्यायली, तरी त्याला अडीचशेच्या आसपास उष्मांक मिळतात. या वयाच्या मुलाला आईचे दूध पुरेसे मिळत असतानाही वरच्या अन्नातून रोज सुमारे साडेपाचशे उष्मांक लागतात. निम्मी गरजही भागत नाही. पोट भरते आणि शरीर उपाशी राहते. तासाभरात पेज उतरते आणि मूल पुन्हा हात पसरते. आई म्हणते, “आत्ताच तर खाल्लं!” आई खोटे बोलत नाही आणि मूलही हट्टी नसते. दोघांच्या मध्ये पाणी उभे असते.

कोदो-कुटकी हे निकस धान्य आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. ही धान्ये सकस आहेत. दोष धान्याचा नाही, त्यात ओतलेल्या पाण्याचा आहे. आणि पाणी ओतले जाते ते मूठभर धान्य पाच तोंडांना पुरवायचे असते म्हणून. तीच वाटी घट्ट खिचडीची असेल, तिच्यात डाळ असेल, वरून चमचाभर तेल असेल, तर शंभर ग्रॅममागे शंभर उष्मांक सहज मिळतात. एका लहान चमचाभर तेलातच सुमारे पंचेचाळीस उष्मांक असतात. याचा अर्थ असा, की भुकेल्या पेजेत आणि वाढवणाऱ्या जेवणात अंतर आहे ते मूठभर डाळीचे आणि चमचाभर तेलाचे. हे अंतर शिकवणीने अंशतः कमी होईल. ते पूर्णपणे मिटेल ते मजुरी वाढल्यावरच.

दुसरा हिशेब वाटेत होणाऱ्या चोरीचा आहे. गटाराच्या काठावर रांगणाऱ्या मुलाच्या पोटात जंत होतात आणि खाल्लेल्या अन्नात वाटेकरी होतात. वारंवार होणाऱ्या हगवणीने आतड्याचे अस्तर झिजते आणि मिळालेले अन्नही शोषले जात नाही. २०१५ पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो, गोळ्या वाटल्या जातात. ते आवश्यकच आहे. पण गोळीने जंत पडतात आणि उघड्या गटारातून ते पुन्हा पोटात जातात. नळाला स्वच्छ पाणी आणि वस्तीला झाकलेले गटार नसेल, तर जंतनाशक दिन पुन्हा पुन्हा पाळावा लागणार.

तिसरी बाब रोगाची. खूप खाऊनही वजन न वाढणाऱ्या प्रत्येक मुलाचा दोष पेजेवर ढकलणेही धोक्याचे आहे. क्षयरोगात वजन वाढत नाही. काही मुलांना गव्हातील प्रथिन सोसत नाही. त्यांचे पोट फुगते, शौच पातळ व दुर्गंधीयुक्त होते आणि अंग वाळते. मुलाला भुकेबरोबर अतिशय तहान लागत असेल, ते वारंवार लघवी करीत असेल आणि झपाट्याने वाळत असेल, तर तो बालपणीचा मधुमेह असू शकतो. त्याला एका दिवसाचाही विलंब न करता रुग्णालयात नेले पाहिजे. गोंड व इतर आदिवासी समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. त्यानेही मुलांची वाढ खुंटते. आदिवासींच्या आरोग्यावर संशोधन करणारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था १९८४ पासून जबलपुरातच आहे. सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेची घोषणाही जुलै २०२३ मध्ये जवळच्या शहडोल येथूनच झाली. ज्ञान जबलपुरात आहे, शहरात वैद्यकीय महाविद्यालय आहे. ते ज्ञान पाड्यावरच्या मुलापर्यंत पोहोचते की नाही, हा प्रश्न विज्ञानाचा नसून व्यवस्थेचा आहे.

येथे एक गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने मनावर कोरून घ्यावी. सतत खायला मागणारे, रडणारे मूल अजून झुंजत असते. कुपोषण फार वाढले की भूकच मरते. मूल रडायचे थांबते, वाटी पुढे केली तरी तोंड फिरवते, कोपऱ्यात निपचित पडून राहते. “आता शहाणं झालं, त्रास देत नाही,” असे घरातले म्हणू लागतात. खरे तर तीच सर्वांत धोक्याची वेळ असते. दंडाचा घेर मोजण्याची रंगीत पट्टी अंगणवाडीत असते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, तर ते मूल तीव्र कुपोषित समजावे आणि उपचाराला न्यावे.

आता आईकडे वळले पाहिजे. जबलपूर हे तोफगाड्यांच्या कारखान्याचे शहर. तो कारखाना १९०४ साली उभा राहिला. पुढे खमरियाचा दारूगोळा कारखाना आणि १९६९ साली लष्करी वाहनांचा कारखाना आला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने मोठ्या कारखान्यांतील स्त्री कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद केली होती. याच शहरातली दुसरी कामगार स्त्री आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर मांडीवर सूप घेऊन बसते. ती तेंदूपत्ता कापते, तंबाखू भरते, दोरा बांधते. हजारावर मजुरी मिळते आणि हजार विड्या पुऱ्या करता करता दिवस सरतो. मोजणीच्या वेळी काही विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या जातात. त्यांचे श्रम फुकट जातात. १९६६ साली संसदेने विडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्यातही पाळणाघराची तरतूद होती. पण ती औद्योगिक जागेपुरती होती. मालकाने कामच घरोघर वाटून टाकले आणि पाळणाघराची जबाबदारी आपोआप टळली. घर हाच कारखाना झाला आणि पाळणा तंबाखूच्या धुळीत टांगला गेला.

दीड वर्षाच्या मुलाला दिवसातून चार-पाच वेळा, थोडे थोडे, बसवून भरवावे लागते. हजारावर मजुरी घेणाऱ्या आईने प्रत्येक वेळी अर्धा तास काढला, तर तिचे दोन-अडीच तास जातात; तेवढ्या विड्या कमी होतात; तेवढी डाळ कमी येते. भरवावे तर डाळ नाही, डाळ आणावी तर भरवायला वेळ नाही. या कोंडीत सापडलेल्या स्त्रीला ‘अडाणी’ म्हणणे हा निव्वळ उद्दामपणा आहे.

सरकारने काय केले, असा प्रश्न येथे साहजिकच येतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिचा विस्तार आपोआप झाला नाही. २००१ साली अन्नाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली, त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला न्यायालयाने योजनांतील आहार हा हक्क ठरवला आणि २००६ साली प्रत्येक वस्तीला अंगणवाडी देण्याचा आदेश दिला. २०१३ साली अन्न सुरक्षा कायदा झाला. या काळात बदलही घडला, तो नाकारण्याचे कारण नाही. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातील पाच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकी ६० मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली होती. २०१५-१६ मध्ये हा आकडा सुमारे ४३ वर आणि २०१९-२१ मध्ये ३३ वर आला. पण दर तीन मुलांपैकी एक मूल तेव्हाही कमी वजनाचेच होते. महाराष्ट्राने तर फुशारकी मारूच नये. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत श्रीमंत महाराष्ट्राचा आकडा ३६ होता आणि त्याआधीच्या पाहणीतही तो ३६ च होता!

योजनेतील उणिवा ठळक आहेत. सहा महिने ते तीन वर्षे हे वय वाढीच्या दृष्टीने सर्वांत नाजूक. नेमकी याच वयाची मुले अंगणवाडीत बसून जेवत नाहीत. त्यांच्या वाट्याला घरी नेण्याचे पाकीट येते आणि भुकेल्या घरात ते पाकीट सर्वांत वाटले जाते. २०१७ साली केंद्राने अंगणवाडीतील एका मुलाच्या रोजच्या आहाराचा खर्च आठ रुपये ठरवला. तीव्र कुपोषित मुलासाठी बारा रुपये. पाचशे उष्मांक आणि बारा ते पंधरा ग्रॅम प्रथिने आठ रुपयांत बसवण्याची कसरत तेव्हा ज्या अंगणवाडी सेविकेवर सोपवली गेली, तिला कामगार म्हणून मान्यता नाही, ‘मानधन’ आहे. तिला उपदान मिळण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये निकालाने सांगावा लागला.

अंड्याची कथा आणखी उद्बोधक आहे. २०१५ साली मंडला, अलिराजपूर आणि होशंगाबाद या जिल्ह्यांतील अंगणवाड्यांत प्रायोगिक तत्त्वावर अंडी देण्याचा प्रस्ताव मध्य प्रदेशच्या महिला व बालविकास विभागानेच मांडला होता. मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी तो फेटाळला. शाकाहाराचा आग्रह त्या निर्णयामागे होता. गोंड, बैगा आणि भिल्ल घरांत अंडे वर्ज्य नाही. ते परवडत नाही, एवढेच. ज्यांच्या ताटात दूध, तूप आणि बदाम आहेत, त्यांच्या सोवळ्याची किंमत ज्यांच्या ताटात पेज आहे त्यांच्या मुलांनी मोजली. याच सुमारास सीमेच्या अलीकडे महाराष्ट्राने आदिवासी क्षेत्रात अमृत आहार योजना सुरू केली आणि पुढे मुलांना अंडी देऊ केली. अंडे न खाणाऱ्याला केळी. जंगल एक, समाज एक, मुलाच्या पोटाचे मापही एक. अंडे मात्र राज्याची सीमा ओलांडू शकले नाही.

तीव्र कुपोषित मुलांसाठी पोषण पुनर्वास केंद्रे आहेत. तेथे आईसह सुमारे दोन आठवडे ठेवून मुलाला विशेष दूध व आहार दिला जातो, आणि मूल खरोखर वाढू लागते. खाल्लेले अंगी लागते, हे तेथे डोळ्यांनी दिसते! पण घरी बाकीची मुले आणि बुडालेली मजुरी टाकून आईने दोन आठवडे राहायचे कसे? आणि परतल्यावर वाट पाहत असते ती तीच पेज, तेच गटार, तेच विडीचे सूप. मग वजनाचा काटा पुन्हा मागे फिरतो.

या सर्वांतून एकच निष्कर्ष निघतो. मुलाचे वजन हा त्याच्या घरच्या मजुरीचा, आईच्या वेळेचा आणि वस्तीच्या पाण्याचा एकत्रित हिशेब आहे. म्हणून कामेही दोन पातळ्यांवर, एकाच वेळी करावी लागतील.

वस्तीत करायची कामे अशी : तीन वर्षांखालील प्रत्येक मुलाचे वजन दरमहा होते की नाही, हे पाहावे. लागोपाठ दोन महिने वजन वाढले नाही, तर मूल हसतेखेळते असले तरी ते धोक्यात आहे असे समजून तपासणी करून घ्यावी. पेज घट्ट करा, तेल-डाळ किंवा शेंगदाण्याचे कूट घाला, आजारातही भरवणे व स्तनपान थांबवू नका, हे घरोघर सांगावे. मात्र सांगताना आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. जंताच्या गोळीचा दिवस चुकू देऊ नये.

मागण्या अशा : विडी कामगार स्त्रीला घरखात्यावरही किमान वेतन मिळावे. वस्तीवस्तीत दिवसभर चालणारे पाळणाघर असावे आणि तेथे तीन वर्षांखालील मुलांना शिजवलेले, ताजे अन्न मिळावे. खाणाऱ्याला अंडे मिळावे. आहाराचा दर महागाईशी जोडावा. उपचारासाठी मुलासोबत राहणाऱ्या आईला पूर्ण मजुरी द्यावी. अंगणवाडी सेविकेला कामगाराचा दर्जा द्यावा.

कॉम्रेड्स, कामगार चळवळीने आठ तासांचा दिवस मागितला तेव्हा तिने माणसाच्या वेळेची किंमत मागितली होती. विडी वळणाऱ्या आईच्या मांडीवरून सूप उतरवून तेथे मुलाला आणि वाटीला जागा मिळवून देणे, हीदेखील वेळेचीच लढाई आहे. मूल खायला मागते आहे, तोवर वेळ गेलेली नाही. ते गप्प होण्याआधी त्याचे मागणे ऐकले गेले पाहिजे.